पुढच्या चाकांचा थयथयाट

यवतमाळकडच्या बैलबंडीचे चाक कितीही झिजले, तुंबा ढिला झाला, धाव सैल झाली, तरी ते फार तर करकरते, डुगडुगते, प्रसंगी निखळून पडते. पण ते कधी एखाद्या उभ्या खुंटीभोवती डावी-उजवीकडे फडफडत नाही. कारण साधे आहे. बंडीची दोन्ही चाके एकाच कण्यावर बसलेली असतात आणि वळायचे झाले की चाक वळत नाही, बैलांबरोबर आख्खी बंडी वळते. चाकाला स्वतंत्रपणे वळण्याची मुभाच नसेल तर फडफडण्याची मुभा कुठून असणार? तोच कापूस आज जिनिंगपर्यंत नेणाऱ्या पिकअप गाडीच्या पुढच्या चाकांना मात्र ही मुभा द्यावीच लागते. आणि ती दिली की तिच्याबरोबर एक रोगही येतो.

या रोगाचे लक्षण ज्याने एकदा अनुभवले तो विसरत नाही. गाडी ताशी ५५-६० किलोमीटरने नीट चाललेली असते. पुलाच्या जोडावर किंवा रस्त्याच्या एखाद्या उंचवट्यावर एका बाजूचे चाक जरासे आपटते आणि स्टेअरिंग एकाएकी डावी-उजवीकडे असे हिसके देऊ लागते की हातात धरवत नाही. पुढचा सगळा सांगाडा थरथरतो. खड्डा केव्हाच मागे पडलेला असतो, रस्ता पुन्हा गुळगुळीत झालेला असतो, तरी थरथर थांबत नाही. वेग पार २५-३० पर्यंत खाली आणला की मग ती जशी आली तशी नाहीशी होते. चालक घाम पुसतो, गाडीखाली डोकावतो. तिथे काहीच तुटलेले दिसत नाही.

इंग्रजी बोलणाऱ्या देशांतले मेकॅनिक याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. अभियंत्यांच्या पुस्तकातले नाव जास्त गमतीचे आहे : ‘शिमी’. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत खांदे थरथरवत करायचा एक नाच फार लोकप्रिय झाला होता, त्याचे हे नाव. मोटारींची पुढची चाके त्याच सुमारास हा नाच करू लागली होती. मोटारी तर त्यापूर्वी तीस वर्षे धावत होत्या. मग हा नाच नेमका तेव्हाच का सुरू झाला, आणि तो कळायला पुढची चाळीस वर्षे का लागली, हे पाहण्यासारखे आहे.

खुंटीवरचे चाक

चार चाकी घोडागाडीत पूर्वी पुढची सगळी आसच मधल्या एका खुंटीवर फिरत असे. वळताना चाके गाडीच्या पोटाखाली शिरत आणि तीव्र वळणावर गाडी कलंडण्याची भीती असे. म्युनिकमधील घोडागाड्या बनविणारा कारागीर गेओर्ग लांकेनस्पेर्गर याने १८१६-१७ च्या सुमारास वेगळी युक्ती काढली. आस जागच्या जागी ठेवायची आणि तिच्या दोन टोकांना दोन उभ्या खुंट्या बसवून फक्त चाके वळवायची. लंडनमध्ये त्याच्या वतीने रुडॉल्फ अ‍ॅकरमन या प्रकाशकाने १८१८ मध्ये याचे पेटंट घेतले. जगात नाव राहिले ते अ‍ॅकरमनचेच. विज्ञानाच्या इतिहासात असे अन्याय नवे नाहीत. पुढे कार्ल बेंझने १८९३ मध्ये हीच रचना आपल्या मोटारीला वापरली. आपल्या गॅरेजमध्ये जिला ‘किंगपिन’ म्हणतात ती हीच खुंटी. दोन्ही बाजूंच्या चाकांनी एकत्र वळावे म्हणून त्यांना जोडणारी आडवी दांडी म्हणजे टायरॉड.

या रचनेत दोलनाची सगळी सामग्री जमलेली आहे. खुंटीभोवती फिरू शकणारे जड चाक आहे. त्याला सरळ ठेवू पाहणारे बलही आहे. खुंटी थोडी मागे कललेली असते, म्हणजे तिची रेषा खाली वाढवली तर ती टायर जिथे जमिनीला टेकतो त्याच्या किंचित पुढे जमिनीला भिडते. या कलण्याला कॅस्टर म्हणतात. त्यामुळे चाक खुंटीच्या मागे ओढले जाते आणि आपोआप सरळ होते. वळणानंतर स्टेअरिंग सोडले की ते परत जागेवर येते ते मुख्यतः यामुळे. वस्तुमान आणि त्याला मध्याकडे आणणारे बल एकत्र आले की दोलन होणार, हे नववीतल्या मुलालाही ठाऊक असते. लंबक आणखी निराळे काय करतो?

पण लंबक हलवून सोडला तर हळूहळू थांबतो. घर्षण त्याची ऊर्जा खाते. आपल्या चाकाचे दोलन मात्र थांबण्याऐवजी वाढत जाते. त्याला ऊर्जा कोण पुरवते, हा खरा प्रश्न होता.

फुगे आले, नाच आला

सुरुवातीच्या मोटारी भरीव किंवा कडक हवेच्या टायरांवर चालत. हवेचा टायर डनलपने १८८८ मध्ये सायकलसाठी आणला आणि मिशलँ बंधूंनी १८९५ च्या पॅरिस-बोर्दो शर्यतीत तो मोटारीला लावला. हे टायर अरुंद असत आणि त्यांत हवेचा दाब फार असे. १९२३ मध्ये फायरस्टोन कंपनीने रुंद, मऊ, जवळजवळ निम्म्या दाबाचे टायर बाजारात आणले. त्यांना ‘बलून’ टायर म्हणत. त्याच दशकात पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले आणि आसेच्या टोकांना ड्रमचे वजन वाढले. स्प्रिंगा मऊ झाल्या, इंजिने ताकदवान झाली, रस्ते सुधारले, वेग वाढले. या सगळ्याचा एकत्रित परिणाम म्हणजे शिमीची साथच आली. प्रवास जितका सुखाचा करावा तितकी पुढची चाके बेभान होत.

कारणे अर्थातच शेकड्याने सांगितली गेली. कोणी म्हणे चाकांचा तोल बिघडला आहे, कोणी म्हणे कॅस्टर जास्त आहे, कोणी म्हणे सांधे ढिले आहेत. प्रत्येकाचा उपाय काही गाड्यांना लागू पडे आणि काहींना नाही. आजही कोणत्याही गॅरेजसमोर ही चर्चा ऐकायला मिळते, तेव्हा १९२५ च्या अभियंत्यांना हसण्याचे कारण नाही.

त्याच वर्षी, १९२५ मध्ये, जॉर्ज ब्रुलिए या फ्रेंच अभियंत्याने तिथल्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे एक निबंध मांडला. त्याच्या शीर्षकातच ‘शिमी’ हा शब्द होता. त्याने बोट ठेवले ते रबरावर. चाक ज्या दिशेला तोंड करून असते नेमके त्याच दिशेला टायर जात नाही. आडवे बल पडले की रबर मुरडते आणि चाक आपल्या तोंडापासून थोड्या तिरक्या दिशेने पुढे सरकते. घसरत नाही, गडगडतच जाते, पण तिरके. टायर म्हणजे रस्त्याला टेकलेली कडक चकती नव्हे, तो स्वतःच एक स्प्रिंग आहे, हे यातून पुढे आले. वाहनशास्त्राचा सगळा आधुनिक डोलारा या ‘तिरकेपणाच्या कोना’वर उभा आहे. बर्लिनमध्ये बेकर, फ्रोम आणि मारून या तिघांनी १९३१ मध्ये स्टेअरिंगमधील दोलनांवर पुस्तकच काढले.

आता रबराकडे जरा बारकाईने पाहू. चाक एका बाजूला वळवल्याबरोबर आडवे बल पूर्ण मिळत नाही. टायर काही अंतर पुढे गडगडावा लागतो, तेव्हा कुठे त्याचे रबर पुरते मुरडते. हे अंतर साधारण चाकाच्या त्रिज्येच्या आसपास असते. आपण ४० सेंटिमीटर धरू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. या वेगाने ४० सेंटिमीटर जायला २४ मिलिसेकंद लागतात. चाक सेकंदाला आठ वेळा फडफडत असेल तर एका फडफडीला १२५ मिलिसेकंद. म्हणजे चाकाला सरळ करू पाहणारे बल जवळपास एक-पंचमांश आवर्तन उशिरा पोचते.

उशिरा पोचलेले बल काय करते? झोक्यावरच्या मुलाची कल्पना करा. झोका आपल्याकडे येत असताना समोरून ढकलले तर झोका मंदावतो; आपल्याकडे येऊन परत फिरल्यावर ढकलले तर तो वाढतो. बल तेच, फक्त वेळ वेगळी. चाकाचे तसेच होते. चाक डावीकडे पूर्ण जाऊन परत मध्याकडे येते, मध्य ओलांडते, आणि तरी त्याला उजवीकडे ढकलणारे जुने बल अजून संपलेले नसते. ते चाकाला त्याच्या गतीच्याच दिशेने आणखी लोटते. घर्षण ऊर्जा काढून घेते त्याच्या नेमके उलट हे आहे. अशा दोलनाला स्वयंउत्तेजित दोलन म्हणतात. व्हायोलिनची तार सरळ ओढलेल्या गजाखाली थरथरते, वाऱ्याच्या एकसारख्या झोतात पताका फडफडते, ती याच जातीची दोलने. बाहेरून कोणी ठेका धरत नाही. ठेका ती वस्तू स्वतःच धरते आणि ऊर्जा एकसारख्या प्रवाहातून उचलते. आपल्या गाडीत हा प्रवाह म्हणजे गाडीची पुढे जाण्याची गती. थोडक्यात, स्टेअरिंग हिसकवायला लागणारी ऊर्जा डिझेलच्या टाकीतूनच येते.

भोवऱ्याचा वाटा

एवढ्यावर भागत नाही. एक अखंड आस दोन्ही चाकांना जोडत असेल तर दुसरा एक भिडू खेळात येतो. सायकलचे सुटे चाक दोन्ही हातांनी आसाला धरून कोणाकडून तरी जोरात फिरवून घ्या आणि ते डावीकडे कलवून पाहा. ते कलण्याबरोबर डावीकडे वळूही पाहते. हाताला बसणारा हा पीळ वर्गात प्रत्येक मुलाला अनुभवू द्यावा. कोनीय संवेगावरची चार पाने वाचून जे कळत नाही ते मनगटाला क्षणात कळते.

अखंड आसेच्या गाडीत डावे चाक उंचवट्यावर चढले की सगळी आस उजवीकडे कलते आणि फिरणारी दोन्ही चाके उजवीकडे वळू पाहतात. चाक उतरले की उलट. हा पीळ किती मोठा असतो? ढोबळ हिशेब करू. ७० सेंटिमीटर व्यासाचे चाक एका फेरीत २.२ मीटर जाते. ताशी ६० च्या वेगाला ते सेकंदाला साडेसात फेऱ्या घेते, म्हणजे कोनीय वेग सुमारे ४८ रेडियन प्रति सेकंद. चाक आणि ड्रम मिळून जडत्वाघूर्ण दीड किलोग्रॅम-मीटर वर्ग धरले तर कोनीय संवेग ७२ होतो. आता आस सेकंदाला आठ वेळा, फक्त एका अंशाने वर-खाली कलते आहे असे समजा. कलण्याचा सर्वांत मोठा कोनीय वेग ०.८७ रेडियन प्रति सेकंद येतो. दोहोंचा गुणाकार केला की एका चाकामागे ६० च्या वर न्यूटन-मीटर आणि दोन्ही चाकांचे मिळून सुमारे १२५ न्यूटन-मीटर पीळ मिळतो. एक फूट लांबीच्या पान्यावर ४० किलोचे वजन टांगल्यावर जेवढा पीळ बसेल तेवढा. आणि तो सेकंदाला आठ वेळा दिशा बदलतो. एक अंश कलण्याला ही अवस्था. चालकाचे हात हार मानतात यात नवल नाही.

उलट बाजूनेही हेच घडते. चाके वळली की भोवऱ्याच्याच नियमाने आस कलू पाहते. कलण्याने वळणे आणि वळण्याने कलणे, असे हे दोन दोलक एकमेकांना चिथावतात. पुष्कळ पुस्तके इथेच थांबून शिमीचे खापर भोवऱ्याच्या परिणामावर फोडतात. ते मला पटत नाही. हा पीळ ऊर्जा निर्माण करत नाही, फक्त एका दोलनाकडून दुसऱ्याकडे पोचवतो. तो निरोप्या आहे, सावकार नाही. सावकार तो रस्त्याला टेकलेला रबराचा तुकडा.

भोवरा निरोप्याच असला तरी त्याला दाराबाहेर ठेवता येते, हे मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने ओळखले. रोल्स-रॉइसची नोकरी सोडून तो १९३० मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीत आला. १९३२ मध्ये त्याने एका मोठ्या मोटारीवर जागा बदलता येणारी वजने बसवून प्रयोग केले आणि दाखवून दिले की प्रवास सुखाचा हवा तर पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. पण अखंड आसेवर मऊ स्प्रिंगा म्हणजे शिमीला आमंत्रण. म्हणून आसच काढून टाकावी लागली. दोन चाके स्वतंत्र दांड्यांवर अशी टांगली की चाक सरळ वर-खाली जावे, फारसे कलू नये. चाक कललेच नाही तर भोवऱ्याला निरोप देण्यासारखे काही उरत नाही. युरोपात लान्चियासारख्या कंपन्यांनी स्वतंत्र चाके आधीच आणली होती. जनरल मोटर्सने १९३४ च्या गाड्यांपासून ती मोठ्या प्रमाणावर वापरली. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत प्रवासी मोटारींतून पुढची अखंड आस जवळजवळ नाहीशी झाली आणि तिच्याबरोबर मोटारवाल्यांच्या आठवणीतून शिमीही गेली.

ती विमानाखाली जाऊन पुन्हा उगवली. १९३० च्या दशकात नाकाखाली चाक असलेली विमाने आली. हे चाक खुंटीभोवती मोकळे फिरणारे असते आणि धावपट्टीवर ते असे फडफडे की पायच मोडून पडे. जर्मनीत फॉन श्लिप्पे आणि डीट्रिख यांनी १९४१ मध्ये टायरला ताणलेल्या दोरीची उपमा देऊन या दोलनाचे गणित मांडले. मॉस्कोत गणितज्ञ म्स्तिस्लाव केल्दिश याने १९४५ मध्ये पुढच्या चाकाच्या शिमीवर प्रबंध लिहिला. पुढच्या वर्षी त्याला यासाठी स्टालिन पारितोषिक मिळाले. हाच केल्दिश नंतर सोव्हिएत अवकाश कार्यक्रमातला एक प्रमुख शास्त्रज्ञ झाला. आणि १९६६ मध्ये हॉलंडमधील डेल्फ्टच्या हान्स पासेयकाने डॉक्टरेटसाठी विषय घेतला तोच : चाकाची शिमी. टायरचे बल मोजण्यासाठी जगभर वापरले जाणारे सूत्र पुढे त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

याच घराण्यातले एक दोलन यवतमाळकरांच्या ओळखीचे आहे, फक्त त्याकडे कोणी या दृष्टीने पाहिले नसेल. आगगाडीची चाके शंकूसारखी उतरती असतात, त्यामुळे चाकांची जोडी रुळांमध्ये नागमोडी डुलत जाते. या नागमोडी वाटेच्या एका लाटेची लांबी क्लिंगेल या जर्मन अभियंत्याने १८८३ मध्ये काढली. रुळांतले अंतर कमी तर लाट आखूड. ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून यवतमाळ-मूर्तिजापूर करणाऱ्या शकुंतलेच्या डब्यात एप्रिल १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनामागे बसून ज्यांनी प्रवास केला त्यांना ते डुलणे आठवत असेल. वेगच इतका कमी की त्यापासून कधी धोका नव्हता. वेगवान गाड्यांत मात्र हेच डुलणे रूळ सोडायला लावू शकते.

जी गाडी मागे राहिली

मोटारींतून शिमी गेली, पण मालवाहू गाड्यांतून नाही. अखंड आस स्वस्त असते, दणकट असते, पाट्यांवर बांधली की ओझे मुकाट वाहते. दुसऱ्या महायुद्धासाठी १९४०-४१ मध्ये बनलेल्या जीपला पुढेही अखंड आस दिली होती आणि तीही इंजिनाला जोडलेली, म्हणजे अधिकच जड. ही विलीज जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला जुळवायला घेतली. तिच्या वंशातल्या गाड्या पुढे कित्येक वर्षे विदर्भात सरकारी खात्यांपासून काळीपिवळीपर्यंत सर्वत्र धावल्या. १९८६ मध्ये पुण्याहून आलेला टाटा ४०७ आणि २००५ चा छोटा टाटा एस यांनाही पुढे पाटे आणि अखंड आसच होती. यात कोणाचा निष्काळजीपणा नाही. ओझ्याच्या गाडीला हाच सौदा परवडतो. पण या सौद्याची एक अट आहे. मोटारीत शिमीचा बंदोबस्त आराखड्यातच झालेला असतो. या गाड्यांत तो देखभालीवर सोपवलेला असतो. सांधे घट्ट, कोन बरोबर, टायर ठीक, तोवर घर्षण आणि अवमंदन रबराच्या उचापतींना पुरून उरते. एकेक सांधा झिजत गेला की तोल दुसरीकडे झुकतो.

आणि झिजायला आपल्याकडे काय कमी कारणे आहेत? जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या कापसाच्या जमिनीचा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला डांबरी रस्ता चार-दोन वर्षांत लाटांसारखा होतो, आणि या लाटा डाव्या व उजव्या चाकाखाली सारख्या नसतात. आसेला कलवायला याहून चांगली व्यवस्था मुद्दाम करूनही झाली नसती. शिवाय हंगामात कापूस भरताना गाडीची क्षमता कोणी विचारत नाही. मागचे पाटे बसू लागले की लोहाराकडून एखाद-दुसरा पाटा वाढवून घेतात. मग गाडी रिकामी असताना मागून उचललेली दिसते. चाकांमधले अंतर २.६ मीटर असलेल्या गाडीची मागची बाजू ९ सेंटिमीटर उंच झाली तर सगळा सांगाडा, आणि त्याबरोबर किंगपिनही, दोन अंशांनी पुढे झुकतो. विलीज जीपचा कॅस्टर मुळात तीन अंशांचा. त्यातले दोन गेले तर उरले काय?

माझ्या परिचयातल्या एका शिक्षकांच्या भावाकडे अशी एक जुनी पिकअप होती. पांढरकवड्याच्या रस्त्यावर ५५ च्या पुढे गेली की तिला झटका येई. तिच्यावर झालेले उपचार क्रमाने सांगण्यासारखे आहेत.

पहिल्यांदा चाकांचे बॅलन्सिंग झाले. गुळगुळीत रस्त्यावरची बारीक थरथर गेली, मोठा झटका तसाच राहिला. हे अपेक्षितच होते, कारण ही दोन निरनिराळी दुखणी आहेत. रिमच्या कडेला ५० ग्रॅमचा असमतोल असेल तर ताशी ६० ला त्याचे अपकेंद्री बल सव्वादोन किलोच्या वजनाइतके असते. ते प्रत्येक फेरीला एकदा ठोका देते, ठरावीक वेगाला जास्त जाणवते आणि तो वेग ओलांडला की कमी होते. हे बाहेरून लादलेले दोलन. झटक्याचे तसे नाही. तो एखाद्या धक्क्याने सुरू होतो, वेग वाढवला तरी जात नाही आणि सुरू होण्याच्या वेगापेक्षा बऱ्याच कमी वेगाला थांबतो. असमतोल असा धक्का पुरवू शकतो, म्हणून काही गाड्या नुसत्या बॅलन्सिंगने बऱ्या होतात आणि मग ‘बॅलन्सिंग हाच उपाय’ असा बोलबाला होतो.

दुसऱ्यांदा स्टेअरिंगला नवा डँपर बसवला. गाडी महिनाभर शहाण्यासारखी चालली आणि पुन्हा होती तशी झाली. डँपर ऊर्जा खातो हे खरे, पण सांधे झिजतच होते; खाणाऱ्याची भूक तेवढीच राहिली आणि वाढणारा हात मात्र सैल झाला. ताप उतरवणारी गोळी घेऊन मलेरिया बरा झाला असे म्हणण्यासारखेच हे. मला यातला धोका जास्त वाटतो तो असा की लक्षण दडते आणि झिजलेला सांधा एक दिवस थेट निखळतो.

तिसऱ्यांदा गाडी एका वयस्क मिस्त्रीकडे गेली. त्यांनी जॅक लावलाच नाही. चाके जमिनीवर, इंजिन चालू, आणि एका पोऱ्याला स्टेअरिंग पाव फेरीइतके, न थांबता, डावी-उजवीकडे हलवत बसायला सांगितले. स्वतः खाली आडवे झाले आणि एकेका सांध्यावर बोट आडवे ठेवत गेले. अर्धे बोट एका भागावर, अर्धे दुसऱ्यावर. डोळ्याला न दिसणारी ढिलाई बोटाला कळते. चाक अधांतरी असताना सांध्यावर भार नसतो, म्हणून जॅकवर तपासलेली गाडी निर्दोष ठरण्याचा संभव असतो. भाराखाली तपासून झाल्यावर मग त्यांनी चाक उचलले; वर-खाली धरून हलवले ते किंगपिन आणि बेरिंगसाठी, आणि दोन्ही बाजूंना धरून हलवले ते टायरॉडसाठी.

सापडले ते असे : टायरॉडच्या एका टोकाच्या सांध्यात मिलिमीटरभर ढिलाई, उजव्या किंगपिनचे बुश खाल्लेले, आणि मागे वाढवलेल्या पाट्यांमुळे कॅस्टर गेलेला. मिलिमीटरभर म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण टायरॉडला चाकाशी जोडणारा हात साधारण १५ सेंटिमीटरचा. त्याच्या टोकाला १ मिलिमीटर म्हणजे चाकाला ०.४ अंश. तेवढ्या पट्ट्यात चाकाला धरून ठेवणारे काहीच नाही. ते त्या पट्ट्यात मोकळे हेलकावते, वेग घेते आणि कडेवर आपटून पलीकडे जाते. लहान धक्का सांध्यांच्या घर्षणात जिरतो, मोठा धक्का जिरत नाही. तोच रस्ता, तोच वेग, पण एक उंचवटा निरुपद्रवी आणि दुसरा थरकाप उडवणारा, हे कोडे इथे सुटते.

त्यांनी बुश बदलून किंगपिनच्या मापाला घासले, टायरॉडचे टोक बदलले, मागचा एक जादा पाटा उतरवला आणि पुढच्या पाट्यांच्या व आसेच्या मध्ये उतरती पाचर घालून कॅस्टर परत आणला. कॅस्टर जितका जास्त तितके चांगले असे मात्र नव्हे. तो फार वाढला तर चाक मध्याकडे इतक्या जोराने येते की पलीकडे जाते, आणि शिमीला उलट बळच मिळते. शेवटी दोन्ही टायरांत सारखी हवा भरून, सुतळी ताणून चाकांचा पुढचा व मागचा फरक मोजला. एकूण खर्च नव्या टायरांच्या जोडीपेक्षा कमी आला. ही गाडी आठवड्यातून दोन दिवस बाजाराला जाणारी माणसेही नेत असे, ते सांगायला हवे.

प्रत्यक्ष झटका आला तर काय करावे, हे मोठ्या मुलांना जरूर सांगावे. त्यातली बरीच जण दोन-तीन वर्षांत अशी गाडी चालवणार असतात. जोरात ब्रेक दाबू नये. वजन पुढच्या आसेवर येते आणि थरथर वाढू शकते. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढावा, स्टेअरिंग घट्ट पण न झगडता धरावे, अंगठे चाकाच्या आत अडकवू नयेत, आणि वेग आपोआप उतरू द्यावा. थांबल्यावर गाडी सरळ गॅरेजला न्यावी, तीही सावकाश.

वर्गात दाखवायला पिकअप लागत नाही. खुर्चीचे किंवा सामान ढकलायच्या ट्रॉलीचे, खुंटीवर फिरणारे एक जुने चाक घ्या आणि ते फळीच्या एका टोकाखाली बसवा. फळीवर दोन विटा ठेवून, दुसरे टोक हातात धरून ती गुळगुळीत फरशीवरून वेगवेगळ्या वेगांनी ढकलत न्या. खुंटी ढिली असेल तर एका वेगानंतर चाक फडफडू लागते. आता खुंटीच्या नटाखाली एक वॉशर घालून तो थोडा आवळा आणि पुन्हा पाहा. मग आणखी थोडा. फरशीवर खडूच्या रेघा मारून आणि मनगटी घड्याळ वापरून फडफड कोणत्या वेगाला सुरू होते आणि वेग उतरवताना कोणत्या वेगाला थांबते, हे मुलांना मोजायला सांगा. दोन्ही आकडे बहुधा सारखे येत नाहीत. दर वॉशरमागे ते किती बदलतात, याचा आलेख काढता येतो.